विश्लेषण : बाजार समिती सगळ्यांना ठाऊक, मग शाळेची समिती कुणाची?

लासलगावच्या रेल्वे स्टेशनवर उतरून रिक्षावाल्याला नुसतं ‘समितीत जायचंय’ म्हणा. तो पुढचा प्रश्न न विचारता तुम्हाला कांद्याच्या लिलावाला नेऊन सोडेल. इथं समिती म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समिती. १९४७ मध्ये सुरू झालेली, आशिया खंडातली सर्वात मोठी कांदा बाजारपेठ म्हणून ओळखली जाणारी. तिचे संचालक १८. त्यातले ११ सोसायटी गटातून, ४ ग्रामपंचायत गटातून, २ व्यापाऱ्यांचे आणि १ हमाल-मापाऱ्यांचा. कोणत्या गटात कोण उभं होतं, कोण किती मतांनी पडलं, सभापती कुणाच्या पाठिंब्यावर झाला, हे चहाच्या टपरीवरची माणसं बोटांवर मोजून सांगतात.

आता त्याच टपरीवर विचारून बघा, तुमच्या मुलाच्या शाळेच्या समितीचा अध्यक्ष कोण आहे?

कायद्यानं गावातल्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत आणि प्रत्येक अनुदानित प्राथमिक शाळेत अशी एक समिती असायलाच हवी. तिच्यात चारातले तीन सदस्य पालक असायला हवेत. कागदावर पाहिलं तर ती बाजार समितीपेक्षाही लोकांच्या जवळची आहे. बाजार समितीवर शेतकरी मधल्या दोन पायऱ्या चढून पोहोचतो, शाळेच्या समितीवर पालक थेट बसतो. तरीही ती कुणाला ठाऊक नसते. हे असं का होतं आणि त्यात नेमकं काय बदलायला हवं, ते पाहू.

आईची सही

आधी घरचा किस्सा सांगतो. माझा धाकटा भाऊ चौथीत होता तेव्हाची गोष्ट. आमच्या भागातल्या एका शाळेत तो जायचा. आई त्या दिवसांत खळ्यावर कांदा निवडायला जायची. एका संध्याकाळी शाळेतून एक वही घरी आली. ‘ताई, इथं सही करा.’ आईनं विचारलं, कसली? ‘तुम्ही मेंबर आहात ना, मागच्या मीटिंगची.’ आईला त्या दिवशी कळलं की ती शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे आणि मागच्या महिन्यात ती एका बैठकीला हजरही होती! तिनं सही केली. गुरुजी चांगले होते, पोराला नीट शिकवत होते, मग एका सहीसाठी वाद कशाला घालायचा, असा तिचा साधा हिशेब होता.

मला तेव्हा या गोष्टीचं हसू आलं होतं. पुढं इंजिनीअरिंगला कंट्रोल सिस्टीम शिकताना ती वेगळीच आठवली. यंत्राला सेन्सर बसवलाय, पण त्याची वायर कुठंच जोडलेली नाही, अशी ती समिती होती. आत काय चाललंय हे सेन्सरला कळलं तरी यंत्राला त्याचा पत्ता नाही.

त्या शाळेला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. डिजिटल डेस्कवर काम करताना जिल्ह्यातल्या ज्या ज्या पालकांशी या विषयावर बोलणं झालं, त्यातल्या बऱ्याच जणांनी थोड्याफार फरकानं हीच गोष्ट सांगितली.

कायदा नेमकं काय सांगतो?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार पूर्णपणे विनाअनुदानित खासगी शाळा सोडून बाकी शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक आहे. किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या सदस्य महिला, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. अल्पसंख्याक आणि अनुदानित शाळांमध्ये २०१२ च्या दुरुस्तीनंतर या समितीचं काम फक्त सल्ल्यापुरतं राहिलं.

महाराष्ट्रानं १७ जून २०१० च्या शासन निर्णयानं तपशील ठरवला. सदस्य १२ ते १६. पालक सोडून उरलेल्या जागांवर स्थानिक प्राधिकरणाचा एक लोकप्रतिनिधी, एक शिक्षक आणि एक शिक्षणतज्ज्ञ. मुख्याध्यापक हे सचिव. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष मात्र पालकांमधूनच. महिन्याला किमान एक बैठक, दर दोन वर्षांनी नवी समिती, आणि पालकांची निवड पालकांच्या सभेतून. सोबत मतदानाचा अधिकार नसलेले दोन विद्यार्थीही बसतात. (ही तरतूद मला फार आवडते, पण एखादं सातवीचं पोर बैठकीत खिचडीच्या चवीबद्दल बोललं, असं मी अजून ऐकलेलं नाही.)

कामं तीन. शाळेच्या कारभारावर देखरेख, शाळेला मिळालेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष, आणि शाळा विकास आराखडा तयार करणं. यातलं तिसरं काम सर्वात वजनदार आहे. केंद्राच्या नमुना नियमांनुसार हा आराखडा तीन वर्षांचा असतो. पुढं पटसंख्या किती होईल, खोल्या किती लागतील, शिक्षक किती कमी पडतील, पैसा किती लागेल, हे सगळं त्यात मांडायचं. आणि कलम २२ म्हणतं की सरकारनं शाळेला अनुदान देण्याचा आधार हाच आराखडा असेल. म्हणजे पैसा कुठं जावा हे खालून वर सांगायचं, अशी कायद्याची कल्पना आहे. प्रत्यक्षात आराखड्याचा छापील नमुना वरून खाली येतो, तो भरून परत वर जातो, आणि पैसा वेगळ्याच हिशेबानं येतो.

गणवेशाच्या गोष्टीतून काय कळलं?

समितीला खरा अधिकार किती, हे बघायचं असेल तर गणवेशाचं प्रकरण बघा. आधी पद्धत अशी होती की समग्र शिक्षा अभियानातून एका गणवेशाला ३०० रुपये, दोन गणवेशांना ६०० रुपये शाळेच्या समितीकडे यायचे. समिती कापड ठरवायची, शिंपी किंवा दुकानदार ठरवायची, मापं घ्यायची. पालकांना हातात घेऊन बघता येईल असा हा बहुधा एकमेव निर्णय होता.

मग ‘एक राज्य, एक गणवेश’ आलं. २०२४-२५ मध्ये कापडाची खरेदी राज्य पातळीवर झाली. नेहमीचा गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडून शिवून घ्यायचा, आणि स्काउट-गाइडच्या गणवेशाचं कापड समितीला देऊन शिलाईचे शंभरेक रुपये द्यायचे, असं ठरलं. शाळा जूनमध्ये सुरू झाल्या. १५ ऑगस्ट उजाडला तरी राज्यात अनेक ठिकाणी मुलं जुन्याच गणवेशात झेंड्याला सलामी देत होती. जे गणवेश आले, त्यातल्या कित्येकांची मापं चुकलेली. कुणाची बाही कोपरावर, तर कुणाची पँट धरून चालावी लागतेय. शंभर रुपयांत कुणी शिवून देईना म्हणून मुख्याध्यापक शिंप्याच्या दारात उभे. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचा अधिकार पुन्हा समित्यांकडे दिला.

निर्णय फिरला हे चांगलंच झालं. मला खटकते ती दुसरीच गोष्ट. अधिकार काढून घेताना एकाही समितीला विचारलं नव्हतं, आणि परत देतानाही विचारलं नाही. मधल्या वर्षात कोणत्या शाळेत काय अडलं, हे राज्यातल्या सगळ्या समित्यांनी एकेका ठरावानं कळवलं असतं, तर तो ढीग कुणाला बाजूला सारता आला नसता. तसं घडलं नाही. ओरड झाली ती बातम्यांमधून आणि शिक्षक संघटनांकडून.

आता हे लासलगावच्या दुसऱ्या समितीशी ताडून बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, तेव्हा इथले लिलाव बंद पडले आणि दिल्लीपर्यंत आवाज गेला. त्याच वर्षी डिसेंबरात निर्यातबंदी आली, तेव्हाही शेतकरी रस्त्यावर होते. ट्रॅक्टर घेऊन आलेल्या माणसाला इथं ठाऊक असतं की बोली पटली नाही तर माल न देण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. तोच माणूस शाळेच्या फाटकाशी आला की चप्पल बाहेर काढतो आणि ‘गुरुजी म्हणतील तसं’ म्हणतो. लासलगावच्या माणसाला समिती चालवता येत नाही, असं म्हणायला जागाच नाही. बाजार समितीत बसून काही मिळतं किंवा हातचं जातं, हे त्याला दिसतं. शाळेच्या समितीत बसून काय मिळतं हे त्याला आजवर कुणी दाखवलेलं नाही.

गणवेशाचे पैसे समितीकडे असताना सगळं आलबेल होतं, असंही नाही. ठरलेल्या दुकानातूनच कापड घेतलं, अध्यक्षाच्या नात्यातल्याला काम दिलं, अशा तक्रारी तेव्हाही होत्या. पण गावातल्या दुकानाचा दर गावाला माहीत असतो. तीनशे रुपयांत हा कपडा बसतो का, हे सांगायला ऑडिटर लागत नाही, आठवडे बाजारात जाणारी कुठलीही बाई सांगेल.

पालक बैठकीला का येत नाहीत?

‘पालकांनाच उत्साह नाही’ हे उत्तर मी शिक्षकांकडून, अधिकाऱ्यांकडून आणि स्वतः पालकांकडूनही ऐकलंय. ते अर्धंच खरं आहे.

बैठक साधारण दुपारी, शाळेच्या वेळेत ठेवतात. लासलगाव-विंचूर पट्ट्यात दुपारी अकरा ते पाच आई-बाप कुठं असतात? डिसेंबर-जानेवारीत कांद्याच्या लागवडीवर, मार्चनंतर काढणीवर, एरवी खळ्यावर प्रतवारीला, नाहीतर निफाडच्या बाजूला द्राक्षबागेत. बैठकीला जायचं म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी सोडायची. समितीच्या सदस्याला भत्ता नाही. निम्म्या जागा महिलांच्या आहेत आणि खळ्यावर निवडायला बसलेल्या बहुतेक महिलाच आहेत, म्हणजे ज्यांच्यासाठी कायद्यानं जागा राखली त्यांनाच ती सर्वात महाग पडते. सुरगाणा-पेठकडून हंगामापुरत्या येणाऱ्या मजूर कुटुंबांचं तर विचारूच नका. त्यांचं मूल आज या शाळेच्या पटावर आहे, दोन महिन्यांनी असेल की नाही ठाऊक नाही. त्यांना समितीत कोण घेणार?

लासलगावात कित्येक वर्षं अमावस्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवायची प्रथा होती. बाजाराचं सगळं वेळापत्रक गावाला तोंडपाठ असतं, कारण बाजार गावाच्या कामाच्या लयीशी बांधलेला आहे. शाळेची बैठक मात्र तालुक्याहून आलेल्या पत्रातल्या तारखेला होते.

दुसरा अडथळा पैशाचा आहे. समग्र शिक्षामधून शाळेला पटानुसार संयुक्त शाळा अनुदान मिळतं. शंभर ते अडीचशे मुलांच्या शाळेला वर्षाला ५० हजार, त्यावरच्या हजारापर्यंतच्या शाळेला ७५ हजार. यातून खडू, वीजबिल, दुरुस्ती, स्वच्छता, सगळंच करायचं. रक्कम लहान आहे, पण लहान रकमेवरही चर्चा होऊ शकते. अडचण अशी की पैसा अनेकदा आर्थिक वर्ष संपत आलं की हाती पडतो आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवावा लागतो. २०२१ पासून केंद्राच्या योजनांचा पैसा एका नोडल खात्यातून वापरायची पद्धत आली, त्यामुळे शाळेच्या खात्यात तो शिल्लक ठेवण्याचा मार्गही उरला नाही. आठ दिवसांत खर्च करायचा असेल तर समितीची बैठक हा उपचार उरतो. मग वही घरोघर फिरते. माझ्या आईकडे आली होती तशी.

नुसती माहिती दिली तर?

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे जनजागृती. पत्रकं वाटा, प्रशिक्षण द्या, पालक आपोआप पुढं येतील. इथं उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातला एक प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. २००५-०६ च्या सुमारास ‘प्रथम’ संस्था आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, रुक्मिणी बॅनर्जी आदी अभ्यासकांनी तो केला. तेव्हा शाळांसाठी ग्राम शिक्षण समित्या होत्या. सुरुवातीच्या पाहणीत बहुतांश पालकांना अशी समिती असते हेच माहीत नव्हतं, आणि काही सदस्यांनाही आपण सदस्य असल्याचा पत्ता नव्हता. (हे वाचताना मला पुन्हा आई आठवली.) मग गावोगाव बैठका घेऊन समितीचे अधिकार समजावून सांगितले. काही गावांत लोकांना मुलांचं वाचन तपासायलाही शिकवलं. पण सरकारी शाळांच्या कारभारातला पालकांचा सहभाग काही वाढला नाही. जिथं गावातल्या तरुणांना मुलांचे वाचनवर्ग घ्यायला शिकवलं, तिथं मात्र स्वयंसेवक पुढं आले आणि वर्गाला आलेली मुलं वाचायला लागली.

याचा अर्थ ‘पालकांच्या समित्या निरुपयोगी’ असा काढला जातो. मला तो पटत नाही. लोकांना करण्याजोगं काम हाती दिलं तर ते करतात, नुसता हक्क ऐकवला तर ऐकून घरी जातात, असा तो अर्थ आहे. ज्या समितीच्या ठरावानं काहीच हलत नाही, तिच्या अधिकारांची माहिती देऊन पालकांनी करायचं काय?

मग खरा निर्णय कुठं होतो?

नाशिक जिल्ह्यात शिक्षणातली सत्ता म्हटलं की मराठा विद्या प्रसारक समाजाचं, म्हणजे मविप्रचं, नाव निघतं. १९१४ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या शाळा जिल्हाभर आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये तिच्या कार्यकारिणीची निवडणूक झाली तेव्हा प्रचार विधानसभेच्या तोडीचा होता. पण या मतदार यादीत असतात ते सभासद. तुमचं मूल संस्थेच्या शाळेत शिकतं म्हणून तुम्हाला मत नसतं. संस्थात्मक शिक्षणाची महाराष्ट्रातली घडणच अशी आहे आणि तिनं ग्रामीण भागाला शाळा दिल्या, हे मान्यच करायला हवं. म्हणून तर अनुदानित शाळेतली पालकांची समिती महत्त्वाची ठरते. संस्थेच्या कारभारात पालकाला शिरायला कायद्यानं ठेवलेली ती खिडकी आहे.

पूर्ण विनाअनुदानित इंग्रजी शाळांचा मामला वेगळा. तिथं पालक-शिक्षक संघ असतो, आणि राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानं त्याच्या कार्यकारी समितीला फीबद्दल बोलण्याचा अधिकार दिला. पुढं २०१८ च्या दुरुस्तीनं, फीविरुद्ध दाद मागायची तर किमान २५ टक्के पालक एकत्र हवेत, अशी अट घातली. ज्याचं मूल रोज त्या शाळेत जातं, तो पालक इतर पालकांच्या सह्या गोळा करत फिरेल का?

आणि जिथं शाळाच बंद करायचं ठरतं तिथं काय? सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा राज्यात चौदा हजारांहून जास्त. प्रस्ताव मागवले ते अधिकाऱ्यांकडून. त्याच्या आदल्या वर्षी आपल्याच जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची शाळा बंद होण्याच्या प्रश्नावर मुलं आणि पालक बकऱ्या घेऊन जिल्हा परिषदेवर गेले होते. ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’ ही त्यांची घोषणा होती. शाळा काढून घेणार असाल तर राखायला बकऱ्या तरी द्या. धरणानं एकदा उठवलेली ही माणसं. शाळेच्या भवितव्यावर बोलायला कायद्यानं एक समिती दिलेली असताना त्यांना बकऱ्या हाकत नाशिक गाठावं लागलं.

अधिकार द्यायचे, पण कुठवर?

अमेरिकेतल्या शिकागोनं १९८८ च्या कायद्यानं फार पुढचं पाऊल टाकलं. तिथं प्रत्येक शाळेच्या स्थानिक परिषदेत सहा पालक, दोन रहिवासी, दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक असे सदस्य ठरले, आणि मुख्याध्यापक निवडण्याचा अधिकारही या परिषदेला मिळाला. आपल्याकडे असं काही करावं, असं मी म्हणणार नाही. आपल्या गावांत शिक्षकाची नेमणूक किंवा बदली समितीच्या हाती गेली, तर पहिल्याच वर्षी तिच्यात ग्रामपंचायतीचे दोन्ही गट उतरतील. आताही काही ठिकाणी अध्यक्षपदासाठी शाळेत राजकारण शिरतं आणि मधल्या मध्ये गुरुजींची रजा हे हत्यार होतं. वर्गात काय आणि कसं शिकवायचं, हे शिक्षकाचं काम आहे. पालकानं शेजारच्या इंग्रजी शाळेकडे बघून ‘पहिलीपासून स्पेलिंग पाठ करून घ्या’ म्हटलं, तर शिक्षकाला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे.

पण गणवेश, पोषण आहार, संयुक्त अनुदान आणि शाळा सुरू राहणार की नाही, या चार गोष्टींत समितीचा ठराव अधिकाऱ्याला बांधील असावा. तो डावलायचा असेल तर कारण लेखी द्यावं लागावं. अनुदान जूनमध्ये यावं. बैठका संध्याकाळी सातनंतर ठेवाव्यात आणि मजुरी बुडवून येणाऱ्या सदस्याला तेवढा भत्ता मिळावा. सगळ्या बैठकांचा मिळून हा खर्च वर्षाला किती होईल? एका चुकलेल्या गणवेश खरेदीपेक्षा नक्कीच कमी. मुख्याध्यापकाचं कारकुनी ओझं वाढेल ही भीती खरी आहे. पण आज सह्यांसाठी घरोघर वही फिरवण्यात जो वेळ जातो, तो तरी वाचेल.

एक गोष्ट मात्र कुठल्याही शासन निर्णयाची वाट न बघता करता येते. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला सकाळी गावातले झाडून सगळे पालक शाळेच्या मैदानात असतात, खळीही थोडी उशिरा उघडतात. भाषणं अर्धा तास कमी करून तिथंच समितीच्या सदस्यांची नावं, वर्षाचा जमाखर्च आणि शाळा विकास आराखडा वाचून दाखवता येईल. ज्याचं नाव पुकारलं जाईल त्यानं उभं राहायचं. निदान आपण सदस्य आहोत हे त्याला त्या दिवशी कळेल.

हा लेख लिहिताना आईला फोन केला. त्या वेळच्या बैठकीत कसला ठराव झाला होता, आठवतं का, विचारलं. म्हणाली, ‘वहीचं पान कोरंच होतं रे. गुरुजी म्हणाले, नंतर लिहू.’